कोकणातल्या खाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोडामार्गात, सावंतवाडीत ‘मायनिंग’ म्हटलं की शाळकरी पोरालाही कळतं. मंडणगड-दापोलीकडे बॉक्साइट, कणकवलीकडे सिलिका आणि रत्नागिरी-राजापुरात चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) यांच्याबद्दलही तसंच. वाडीच्या बैठकीत, ग्रामसभेत आणि मुंबईहून फोन करणाऱ्या चाकरमान्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना माझी बाजू सरळ आहे: गावाचं पाणी आधी, बाकीचं नंतर.

कोकणात जमिनीतून नेमकं काय काय निघतं?

दक्षिणेकडून सुरुवात करू. वेंगुर्ले तालुक्यातलं रेडी हे लोहखनिजाचं जुनं गाव. अनेक दशकं तिथे खनिज निघालं आणि शेजारच्या बंदरातून जहाजात चढलं. आज भाविक ज्या द्विभुज गणपतीच्या दर्शनाला रेडीला जातात, ती मूर्ती १९७६ मध्ये याच खाणीच्या परिसरात सापडली. दोडामार्ग तालुक्यात कळणे इथेही लोहखनिज आहे. कणकवली तालुक्यात कासार्डे, फोंडाघाट या भागांत सिलिका वाळू मिळते. ती काचेच्या कारखान्यांना आणि ओतकामाच्या साच्यांना लागते. त्याच तालुक्यात जानवली आणि वागदे इथे क्रोमाइटचे साठे आहेत.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड-दापोलीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारांवर, आणि पुढे रायगडात श्रीवर्धन-मुरूडकडे बॉक्साइट आहे. ॲल्युमिनियम त्यातूनच बनतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळसर वाळू दिसते. त्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे टायटॅनियमचं खनिज.

याशिवाय सगळीकडे आहेत ते जांभा दगड, खडीसाठीचा काळा दगड आणि खाडीतली वाळू. कायद्याच्या भाषेत यांना गौण खनिज म्हणतात. गावावर होणारा परिणाम मात्र गौण नसतो.

सड्यावर ना पीक, ना मोठं झाड. तिथे खाण झाली तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो. आपलं सगळ्यात मोठं नुकसानही याच समजुतीने झालं आहे, म्हणून जरा सविस्तर.

कोकणात चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला तर त्याच्या दुपटीहून जास्त. तरीही मार्च संपता संपता कितीतरी वाड्यांवर टँकर लागतो. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंतचं अंतर थोडं, उतार तीव्र. पडलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं. जे थांबतं ते सड्यात थांबतं. लक्षावधी वर्षांच्या ऊन-पावसात मूळ खडकातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून जांभा तयार झाला. त्यात बारीक-मोठी छिद्रं, नळ्या आणि भेगा असतात. पावसाचं पाणी त्यांतून खाली झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. आपल्या वाड्या नेमक्या त्या कडेखाली वसलेल्या आहेत. पाटाचं पाणी, माडा-पोफळीच्या बागा, देवळामागची तळी, उन्हाळ्यातही न आटणारी विहीर हे सगळं त्या झऱ्यांवर चालतं. आपल्या पूर्वजांनी घरं कुठे बांधायची ते पाणी बघून ठरवलं होतं.

आता खाण येते तेव्हा काय होतं? आधी वरचा जांभ्याचा थर निघतो, म्हणजे पाणी मुरवणारा थरच जातो. मग खड्डा खोल जातो आणि भूजलाच्या पातळीखाली उतरतो. खड्ड्यात पाणी भरलं तर काम थांबतं, म्हणून पंप लावून ते दिवसरात्र उपसतात. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. गोव्याच्या पट्ट्यात तर भुसभुशीत लोहखनिजाचा थर हाच पाणी धरून ठेवणारा थर असल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे खनिज काढणं आणि पाण्याची टाकी फोडणं ही तिथे एकच क्रिया ठरते.

सड्यावर काही उगवत नाही हेही खरं नाही. जून ते सप्टेंबर तिथे रानफुलं असतात, कीटक खाणाऱ्या वनस्पती असतात, गुरांचं चरणं असतं. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलेली जमीन पोटासाठी खराब नसते.

मग कळण्यात नेमकं काय झालं?

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत कळण्यातल्या खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बांध फोडून खाली आलं. पाण्याबरोबर माती-दगडांचा लोंढा वस्तीकडे, शेतीत आणि बागायतीत शिरला.

उघड्या खाणीत एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती आणि दगड बाजूला टाकावे लागतात. ही माती डोंगर करून रचली जाते. आपल्याकडचा पाऊस मोकळ्या मातीचा ढीग जागेवर राहू देत नाही. ढिगाच्या पायथ्याशी दगडी आधारभिंत, गाळ अडवणारी तळी आणि ढिगावर गवत-झाडं, ही कामं पावसाळ्याआधी झाली नाहीत तर लाल पाणी शेतात येणारच. भातशेतीत एकदा हा गाळ बसला की जमिनीचा कस जातो आणि तो खरवडून काढणं एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचं असतं.

तुमच्या गावावर खाण असेल तर मे महिन्यात जाऊन आधारभिंत आणि गाळतळी पाहा. फोटो काढा. पंधरा जूननंतर पाहण्यात अर्थ नाही.

सातबारा माझ्या नावावर आहे. मग खालचं खनिज माझं नाही का?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवरचा हक्क शासनाकडे असतो, जमीन देताना वेगळं लिहून दिलेलं नसेल तर. केरळातल्या मलबार भागातल्या जमीनमालकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जमिनीखालचं खनिज मालकाचंच आहे असा निकाल दिला. तो अनेकजण व्हॉट्सॲपवर फिरवतात. पण तिथल्या जमिनींचा इतिहास वेगळा आणि हक्क काढून घेणारा कायदाही तिथे नव्हता. आपल्याकडे कलम ४८ आहे, ते विसरून चालणार नाही.

मात्र खनिज सरकारचं असलं तरी वरची जमीन तुमचीच राहते. कंपनीला खाणपट्टा (खाणीचा भाडेपट्टा) मिळाला म्हणजे तुमच्या जमिनीत शिरण्याचा परवाना मिळाला असं होत नाही. जमिनीवरचे हक्क तिला वेगळे मिळवावे लागतात आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. खाणपट्ट्याच्या नकाशात आपला गट नंबर दिसला म्हणून घाबरून सही करणारे बरेच लोक आहेत. तशी सही करण्याची काहीच गरज नसते.

जमीन सामायिक आहे, आम्ही मुंबईत. एका भावाने सही दिली तर?

तो स्वतःच्या हिश्शापुरतीच देऊ शकतो, तीही वाटप झालेलं नसेल तर वादाची. अडचण निर्माण होते ती मुखत्यारपत्रामुळे. गणपतीला गावी गेलेलं असताना ‘घरपट्टीची कामं करायला बरं’ म्हणून दिलेल्या कागदात विक्री, भाडेपट्टा आणि खनिजाच्या करारांचे अधिकारही लिहिलेले असतात. कागद पूर्ण वाचा. जुनं मुखत्यारपत्र नको असेल तर ते नोंदणी करून रद्द करा आणि तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, लेखी कळवा.

वर्षातून एकदा तरी आपला सातबारा आणि फेरफार ऑनलाइन उघडून बघावा. पोटहिस्सा, वारसनोंद, बोजा यांत काही बदल झाला असेल तर त्याच वेळी हरकत घेता येते.

सिंधुदुर्गात आणखी दोन गुंते आहेत. आंबोली, गेळे, चौकुळ इथल्या कबुलायतदार गावकर जमिनी (संस्थानकाळात कबुलायत, म्हणजे करार, करून गावकऱ्यांनी सामायिक धरलेल्या) आणि काही गावांतल्या आकारीपड जमिनी (सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या). या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं अशी स्थिती राहिली आहे. अशा गावात खाणीचा विषय निघाला तर हक्कनोंदीचं काम आधी पूर्ण करून घ्या. त्याशिवाय भरपाई कोणाला, हा प्रश्न सुटत नाही.

चिरेखाण ही खरोखर ‘खाण’ आहे का? आम्ही तर घरासाठी चिरा काढतो.

आहे. जांभा २०१५ पासून गौण खनिजांच्या यादीत आहे आणि त्यावर राज्याचे २०१३ चे गौण खनिज नियम लागू होतात. स्वतःच्या घरासाठी किंवा शेताच्या बांधासाठी थोडं खनिज काढणाऱ्याला नियमांत सवलती आहेत, पण तहसील कार्यालयात विचारून मगच कामाला लागावं. विक्रीसाठी चिरा काढायचा तर परवाना, स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि वाहतुकीचा पास हवा. हा पास आता महाखनिज प्रणालीवरून ऑनलाइन निघतो. मोजमाप ब्रासमध्ये होतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय डंपर आणि पोकलेन जप्त होतात. दंडाचा बोजा जमिनीच्या सातबाऱ्यावर चढतो, हे जमीन भाड्याने देणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावं. चिरा काढून नेणारा निघून जातो, बोजा मालकाच्या नावावर राहतो.

चिऱ्याला माझा सरसकट विरोध नाही. जांभ्याचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, भाजलेल्या विटेइतकं इंधन त्याला लागत नाही आणि आपल्या गवंड्यांचं कौशल्य त्यावरच वाढलं आहे. हाताने कुऱ्हाडीने चिरा तासायचे तेव्हा खाण हळू वाढायची. आता कटर मशीनने एका हंगामात सडा संपतो. त्या वेगाला मर्यादा हवी आणि झऱ्याच्या वरच्या बाजूला चिरेखाण नको.

खाडीतली वाळू काढली तर खाडी खोल होते, होड्यांना बरंच की?

थोडी काढली तर हो. म्हणूनच किनारा नियमन क्षेत्रात वाळू काढायला बंदी असली तरी पारंपरिक समाजाला होडीतून, डुबी मारून, हातपाटीने वाळूचे पट्टे काढायची सवलत ठेवली आहे. सक्शन पंपाने काढणं हे वेगळंच प्रकरण आहे. तळ खरवडला जातो, काठ ढासळतात, खाजणाचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचे, बांध फुटून खारं पाणी भातशेतीत येतं. तिसऱ्या आणि कालवं या शिंपल्यांची जागा जाते आणि त्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांचा रोजगार जातो. त्यांची नोंद कुठल्याच पर्यावरण अहवालात नसते.

जनसुनावणी म्हणजे काय? ती खरंच काही बदलू शकते?

पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना, २००६ नुसार मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी त्या भागातच लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घडवून आणतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी असतात. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत हवा आणि अहवाल ग्रामपंचायतीतही पाहायला ठेवायला हवा. गौण खनिजाच्या छोट्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात २०१२ मध्ये स्पष्ट केलं. एकच मोठी खाण ५ हेक्टरांच्या आतल्या तुकड्यांत दाखवायची पळवाट सगळीकडे वापरली जाते, म्हणून ५०० मीटरच्या आत असलेले पट्टे एक समूह धरून तपासले जातात. आपल्या गावात असे तुकडे दिसले तर तोच मुद्दा पहिला मांडा.

सुनावणीत मतदान नसतं. ‘नको’ एवढंच म्हणणारे पाचशे लोक असले तरी इतिवृत्तात ते एका ओळीत मावतं. उलट अहवालातली चूक दाखवणारं एक वाक्य तिथे जसंच्या तसं नोंदलं जातं आणि पुढे तज्ज्ञ समितीला त्याचं उत्तर मागावं लागतं. त्यामुळे तयारी अशी करा: अहवालाच्या नकाशात तुमचे झरे, पाट, देवराई, विहिरी दाखवल्या आहेत का ते बघा. पाहणी कोणत्या महिन्यात केली ते बघा. मे महिन्यातल्या सड्याची पाहणी करून ‘विशेष वनस्पती आढळल्या नाहीत’ लिहिणारे अहवाल मी वाचले आहेत. ओढे ‘हंगामी’ लिहिले असतील आणि तुमच्याकडे त्यावर उन्हाळी शेती होत असेल तर फोटो आणि पिकाची नोंद जोडा. डंपरच्या रस्त्यावर शाळा किती, तेही विचारा.

मालवणीत बोललात तरी चालतं. लेखी निवेदन मात्र जोडा आणि पोच घ्या. बायकांनी बोलावं हा माझा आग्रह आहे. कुठली विहीर कधी आटते, हे पुरुषांपेक्षा त्यांनाच नीट ठाऊक असतं.

ग्रामसभेने ठराव केला तर खाण थांबते का?

ओडिशात नियमगिरीवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली. तिथे आदिवासींचे वनहक्क आणि अनुसूचित क्षेत्र हा आधार होता. कोकणातल्या बहुतेक गावांना तो आधार नाही, त्यामुळे आपल्या ठरावाने खाण आपोआप थांबत नाही. तरी ठराव कराच. तो पुढच्या प्रत्येक लढ्यात पुरावा म्हणून लागतो. ठरावात कारणं लिहा, गट नंबर लिहा, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल स्वतःकडे ठेवा.

गाडगीळ अहवाल, कस्तुरीरंगन अहवाल, यांचं पुढे काय झालं?

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. पश्चिम घाटाच्या सर्वात नाजूक पट्ट्यातून खाणी टप्प्याटप्प्याने हटवा आणि निर्णय ग्रामसभांपासून वर न्या, असं त्यात म्हटलं होतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा विचार त्या समितीने वेगळा केला होता, कारण २०१० मध्ये या जिल्ह्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीवर केंद्राने स्थगिती आणली होती. अहवाल लोकांपर्यंत मराठीत पोचायच्या आधीच ‘घर बांधता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही’ असा प्रचार पोचला. याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र बरंच कमी केलं. त्यावर आधारित मसुदा अधिसूचना २०१४ पासून निघत आल्या. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमध्ये डोंगर कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात पश्चिम घाटातलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र धरलं आहे, महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. या क्षेत्रात नवी खाण, दगडखाण, वाळू उपसा यांना बंदी आणि चालू खाणी ५ वर्षांत किंवा पट्टा संपताच, जे आधी होईल तेव्हा, बंद, असं मसुदा सांगतो. शेती, बागायत आणि घरदुरुस्तीवर त्यात बंदी नाही.

सावंतवाडी-दोडामार्गाचा वाघांचा पट्टा म्हणतात, तो कुठला?

राधानगरी, तिलारी, गोव्यातलं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड यांना जोडणारं जंगल. तिलारीचा २९.५३ चौरस किलोमीटरचा भाग २०२० मध्ये संवर्धन राखीव झाला. या पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली होती, आणि २०२४ मध्ये पर्यावरण संस्थांच्या याचिकेवर तिथल्या २५ गावांना संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश शासनाला दिले. ज्या गावात आधी जंगल तोडून रबर लावलं जातं, तिथे पुढे खाणीसाठी ‘इथे जंगल नाहीच’ म्हणणं सोपं जातं. म्हणून वृक्षतोडीची तक्रार खाणीच्या तक्रारीइतकीच महत्त्वाची.

पोरांना काम मिळेल ना? मुंबईला जाणं तरी थांबेल.

ही अपेक्षा अगदी रास्त आहे. वाडीत म्हातारी माणसं आणि कुलूपबंद घरं बघून कोणालाही असं वाटेल.

पण आजची उघडी खाण यंत्रांवर चालते. पोकलेन, ड्रिल, डंपर यांचे चालक, थोडे तंत्रज्ञ, सुपरवायझर, वॉचमन. यांत स्थानिकांच्या वाट्याला येतात ती डंपरची आणि पहाऱ्याची कामं. बरेच तरुण कर्ज काढून स्वतःचा डंपर घेतात. त्याचा शेवट काय होऊ शकतो ते गोव्यात दिसलं. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ४ कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर जात होतं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे पुन्हा रद्द झाले. ट्रक आणि बार्ज उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. सावंतवाडी-दोडामार्गातून डिचोली-साखळीकडे कामाला जाणाऱ्या आपल्या माणसांनाही त्याची झळ बसली.

हापूस, काजू, कोकम, फणस, पर्यटन यांतून मिळणारं काम कमी दिसतं, कारण ते विखुरलेलं आणि हंगामी असतं. तरी काजूचं झाड ३० वर्षं उत्पन्न देतं. तुलना करताना खाणीचं आयुष्य किती वर्षांचं, हे कंपनीच्याच खाण आराखड्यातून वाचा आणि शेजारी बागेचं आयुष्य मांडा.

देशाला लोखंड, कोळसा लागतोच. मग आपणच का अडवायचं?

लागतो. २०२४-२५ मध्ये देशात पहिल्यांदाच एका वर्षात १०० कोटी टनांवर कोळसा निघाला. वीज, रेल्वे, पूल, तुमच्या हातातला फोन, यांतलं काहीच खाणींशिवाय होत नाही, आणि झारखंड-छत्तीसगडमधल्या गावांनी त्याची किंमत आपल्या आधी मोजली आहे. पण देशाचं पोलाद मुख्यतः ओडिशा, छत्तीसगड, कर्नाटक आणि झारखंडच्या खनिजावर चालतं. गोवा-सिंधुदुर्ग पट्ट्यातलं खनिज बरंचसं कमी प्रतीचं, लोहाचं प्रमाण ५८ टक्क्यांच्या आतलं. ते मोठ्या प्रमाणावर चीनला निर्यात होत आलं. त्याआधी, पोर्तुगीज काळात, गोव्याचं खनिज जपानला जाई. त्यामुळे ‘देशासाठी त्याग करा’ असं कोणी म्हणालं तर खनिज कुठल्या कारखान्यात जाणार ते लेखी मागा.

खाणीतून सरकारला पैसा मिळतो. गावाला काय?

लोहखनिजावर सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के स्वामित्वधन राज्याला मिळतं. खाण आणि खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या पट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातून पट्टा घेतलेल्यांनी १० टक्के रक्कम त्यात वेगळी भरायची असते. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांसारख्या प्राधान्याच्या कामांवर आधी किमान ६० टक्के खर्च बंधनकारक होता, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो ७० टक्के केला.

हा निधी बाधित गावांसाठी आहे. तालुक्याच्या ठिकाणी सुशोभीकरणात तो गेला तर माहिती अधिकारात कामांची यादी मागा आणि ग्रामसभेत वाचा.

ब्लास्टिंगने घराला तडे गेले. सिद्ध कसं करायचं?

खाण सुरू होण्याआधीचे तारखेसह फोटो नसतील तर फार कठीण. घराच्या प्रत्येक भिंतीचे, विहिरीच्या कठड्याचे फोटो आजच काढून ठेवा. तडा गेल्यावर ब्लास्टची तारीख-वेळ लिहा, तलाठ्याकडून पंचनामा मागा आणि धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला तक्रार पाठवा. जमिनीच्या कंपनांची मर्यादा त्यांनीच ठरवलेली आहे, आणि कंपनं मोजण्याची मागणी तुम्ही करू शकता. दगडखाणीपासून वस्तीचं किमान अंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ब्लास्टिंग असल्यास २०० मीटर आणि नसल्यास १०० मीटर सुचवलं आहे.

सिलिका खाणीत काम करणाऱ्याला सतत खोकला आहे. टीबीचं औषध चालू आहे, फरक नाही.

सिलिकोसिसची तपासणी लगेच करून घ्या. सिलिकाची अतिबारीक धूळ फुप्फुसात रुतते, तिथे व्रण होतात, दम लागायला लागतो. एक्स-रेमध्ये तो टीबीसारखा दिसू शकतो, आणि अनेकांना दोन्ही एकत्र असतात. झालेलं नुकसान परत भरून येत नाही, म्हणून पुढची धूळ थांबवणं हाच उपाय. डॉक्टरांना ‘मी सिलिका वाळू चाळायचं काम करतो’ हे स्पष्ट सांगा, तेवढ्या एका वाक्याने निदान बदलू शकतं. खाण कामगारांच्या नियमांप्रमाणे कामावर घेताना आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी मालकाच्या खर्चाने व्हायला हवी. तिचा कागद मागून घ्या. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. वाळू ओली ठेवून काम करणं आणि योग्य मास्क, दोन्ही लागतं.

आमच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. त्यांना संरक्षण आहे का?

उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी, जांभरुण, कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. यादीबाहेरच्या सड्यांवर आणखी किती तरी आहेत आणि चिरेखाणीचा कटर त्यांना ओळखत नाही. चित्र दिसलं की फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश आणि गट नंबर यांसह पुरातत्त्व विभागाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. नोंद झालेल्या चित्रावर परवाना देणं अधिकाऱ्यालाही अवघड जातं.

खाण बंद पडली. खड्डा तसाच आहे.

खाण सुरू होतानाच ती बंद कशी करायची याचा आराखडा मंजूर झालेला असतो आणि त्यासाठी आर्थिक हमीही घेतलेली असते. प्रमुख खनिजांसाठी हा आराखडा भारतीय खाण ब्यूरोकडे असतो, त्यांचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तो मागवा. कुंपण, उतार स्थिर करणं, माती परत टाकून झाडं लावणं, यातलं काय झालं नाही ते कलमवार लिहा. पाणी भरलेल्या जुन्या चिरेखाणीत पोरं पोहायला जातात आणि दरवर्षी कुठून तरी बुडाल्याची बातमी येते. कुंपण ही मागणी पहिल्या क्रमांकावर ठेवा.

तक्रार नेमकी कुठे करायची?

चिरा, वाळू, खडी: तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी. धूळ आणि लाल पाणी: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. जंगल किंवा वनसंज्ञा असलेली जमीन: उपवनसंरक्षक, १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नोंदीत वन नसलेल्या, पण वनसदृश जमिनीचाही विचार होतो. पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि सहामाही अनुपालन अहवाल ‘परिवेश’ संकेतस्थळावर सापडतात. मंजुरीविरुद्ध अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत मिळते. त्यापुढे दार बंद, म्हणून संकेतस्थळ दर पंधरवड्याला बघणारी एक व्यक्ती गावात ठरवा. हे काम मुंबईत बसलेला चाकरमानीही करू शकतो.

अजून खाण आलेली नाही, फक्त ड्रिल मारून नमुने नेलेत. आत्ता काय करावं?

विहिरींची वही सुरू करा. वाडीतल्या प्रत्येक विहिरीची पाण्याची पातळी फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून मोजायची, तारीख आणि दोघांच्या सह्या. झऱ्याखाली बादली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. पोरांना हे काम आवडतं, शाळेतल्या गुरुजींना सामील करून घ्या. दोन-तीन उन्हाळ्यांची अशी वही असेल तर ‘पाणी आधीपासूनच कमी होतं’ हा कंपनीचा नेहमीचा युक्तिवाद टिकत नाही. वहीची झेरॉक्स दर वर्षी ग्रामपंचायतीत आवक क्रमांक घेऊन जमा करा.